लाल धाग्याची जुडी

४ फेब्रुवारी

दादा,

पार्सल मिळालं. खोक्याचा एक कोपरा दबला होता, पण आतली पिसं जशीच्या तशी आहेत. पिसं उशीच्या अभ्र्यात गुंडाळून पाठवायची तुझी पद्धत झकास आहे, फक्त या घरात आता अकरा अभ्रे झालेत आणि उशा चारच. हे म्हणतात, पुढच्या वेळी दादांना उशाच पाठवायला सांग.

आता कामाचं. तिरंदाजी शिकवणाऱ्या संस्थेच्या प्रशिक्षकबाई परवा कारखान्यात येऊन गेल्या. (कारखाना म्हणजे आमची वरची खोली, पण त्यांच्यासमोर मी कारखानाच म्हणते.) एप्रिलच्या शेवटी त्यांच्या मुलींची जुन्या लाकडी धनुष्यांची स्पर्धा आहे. तिथे प्लास्टिकची पाती लावलेले बाण चालत नाहीत, खरं पीसच लागतं. साठ बाण हवेत. बाबा गेल्यापासून एवढं मोठं काम आपल्याकडे आलेलं नाही. एका बाणाला तीन पिसं धर, वर थोडी राखीव. तेव्हा दोनशे पाठव, शंभर डाव्या पंखाची आणि शंभर उजव्या.

सरसाच्या भांड्याची वाफ लागून माझा अंगठा भाजलाय, त्यामुळे या वेळी पिसं चिकटवायचं काम ह्यांच्याकडे. त्यांना पिसांतलं ओ की ठो कळत नाही. पण लाल धाग्याची जुडी डाव्या पंखाची, पांढऱ्याची उजव्या, आणि एका बाणावर दोन्ही आणायची नाहीत, एवढं मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलंय. तुझ्या जुड्या उघडून तपासायची तर या घरात पद्धतच नाही.

आणि हे काय, मागच्या पत्रात शेवटच्या ओळीत लिहितोस, ‘न्हाणीघरात जरा घसरलो’? जरा म्हणजे किती? डोकं आपटलं का? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि पत्रात तू सांगत नाहीस. हे मला काळजीची घाऊक व्यापारी म्हणतात. म्हणू देत. तू सविस्तर लिही.

तुझी,
बारकी

१३ फेब्रुवारी

बारके,

सविस्तर लिहितो. घसरलो, उठलो, अंग पुसलं, चहा घेतला. संपलं.

पिसं सोबत पाठवतोय. या वर्षी टर्कींनी पिसं चांगली गाळली. सगळी जाळीतून रोज सकाळी वेचून ठेवलेली आहेत, एकही ओढून काढलेलं नाही. कोमट साबणपाण्यात दोनदा धुतली, कापडाखाली वाळवली. वाकडी होती ती किटलीच्या वाफेवर सरळ केली. देठ मधोमध चिरून, आतला भुसभुशीत गाभा पॉलिश पेपरवर घासून काढलाय. कसर लागू नये म्हणून खोक्यात कापराच्या वड्या टाकल्यात, त्या मेहुण्यांनी पेपरमिंट समजून खाऊ नयेत.

मुलाचा निरोप आला होता. नवव्या मजल्यावर माझ्यासाठी खोली रिकामी केली म्हणतो. एकटा राहू नका, टर्की विकून टाका. त्याच्याकडे पक्षी म्हणजे खिडकीच्या पत्र्यावर घाण करणारी कबुतरं. मी तिथे काय करू? लिफ्टमध्ये वर-खाली? तेव्हा घसरल्याचं त्याला बोलायचं नाही. बोललीस की तो लगेच गाडी घेऊन येईल.

बाकी ठीक. काल चपला उलट्या पायांत घालून बाजारात जाऊन आलो. शेजारच्या शिंपीणबाई दारात बसून हसत होत्या, तरी माझ्या ध्यानात आलं नाही. वयाची मजा असते एकेक.

दादा

३ मार्च

दादा,

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितेय. पहिल्या दोनांत मी तुला फार बोलले होते.

पहिले चोवीस बाण तयार झाले म्हणून प्रशिक्षकबाईंना बोलावलं. मैदानावर त्यांनी स्वतः नेम धरला. बाण सुटला, आणि अर्ध्या वाटेत शेपूट हलवायला लागला. दुसरा तसाच. तिसरा तर निशाण सोडून बाजूच्या शेडच्या दारात घुसला. त्या दाराशी दोन मिनिटांपूर्वी एक मुलगी पाणी पीत उभी होती. प्रशिक्षकबाईंनी फक्त सगळ्या मुलींना मागे बसवलं आणि बाण गोळा करून माझ्या हातात दिले. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी काड्या तपासल्या, टोकं तपासली, वजनं केली. सगळं जागच्या जागी. मग पिसांवरून बोट फिरवलं. एकाच बाणावर दोन डावी, एक उजवं. दुसऱ्यावर दोन उजवी, एक डावं. बाण गिरक्या घेत जायला हवा, एकाच दिशेने, तरच सरळ जातो. दोन पिसं एकीकडे फिरवतायत आणि तिसरं उलट ओढतंय, तर बिचाऱ्याने जावं कुठे?

मला वाटलं ह्यांनीच घोळ घातला. खूप बोलले त्यांना. ते शांतपणे उठले आणि उरलेली लाल जुडी, न सोडलेली, माझ्यापुढे ठेवली. सोडून पाहिली तर निम्मीअधिक उजव्या पंखाची.

दादा, पिसं कोण निवडतंय? कुणाला कामाला ठेवलंयस का? ठेवलंस तर ठेव, तुझं वय झालंय, मला काही वाटणार नाही, पण मला सांगायचं होतंस. चाळीस वर्षं तुझी गाठ बघितली की मी डोळे मिटून पीस उचलते. ती चूक माझीच, मी न बघता मैदानावर नेले. त्या मुलीला काही झालं असतं तर मी पुन्हा सुरी हातात धरली नसती.

चोवीस बाणांची पिसं खरवडून काढतेय. प्रशिक्षकबाईंनी काम काढून घेतलेलं नाही. महिनाअखेर सगळे बाण पुन्हा तपासणार आहेत. नवी दोनशे पिसं पाठव, आणि या वेळी स्वतः निवड.

बारकी

९ मार्च

बारके,

पत्र वाचलं. मी कुणालाही कामाला ठेवलेलं नाही. त्या दिवशी शिंपीणबाई बसायला आल्या होत्या, त्यांनी धागे बांधायला मदत केली. त्यांना आपल्यातलं काय कळणार. लाल-पांढऱ्याची अदलाबदल झाली असेल. यापुढे कुणाला हात लावू देणार नाही.

मला काम शिकवू नकोस. पिसाचं टोक वर, वरची बाजू आपल्याकडे, रुंद पात ज्या हाताला, पंख त्या हाताचा. बाबांनी हे मला सहाव्या वर्षी शिकवलं तेव्हा तू पाळण्यात होतीस. एक चुकलं की त्याच पिसाच्या देठाने बोटांवर फटका बसायचा. मी चार फटके खाल्ले, पाचवा नाही.

त्या मुलीचं वाचून वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

नवी दोनशे सोबत आहेत. प्रत्येक पीस तीन वेळा बघितलंय. मुलाशी यातलं काही बोलू नकोस.

दादा

२० मार्च

दादा,

पार्सल परवा आलं. या वेळी मी सगळ्या जुड्या सोडल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्या गाठी सोडून बघताना मला चोरासारखं वाटत होतं.

लाल धाग्यात जवळजवळ निम्मी डावी, निम्मी उजवी. पांढऱ्यात तेच. डोळे बांधून वाटणी केली असती तरी अशीच झाली असती. दोनशे लिहिलंस, निघाली एकशे बासष्ट.

पण दादा, घासणी तुझीच आहे. देठ कागदासारखा पातळ आणि कुठेही पात फाटलेली नाही, असं दुसऱ्या कुणाला जमत नाही. गाठही तुझीच, आत वळवून दाबलेली. शिंपीणबाईंचं नाव तू उगीच घेतलंस. तू खोटं बोललास याचा मला राग यायला हवा होता. आला नाही. नुसती भीती वाटली.

मग मी तुझी जुनी पत्रं काढून बसले. न्हाणीघरातलं घसरणं, त्यानंतर उलट्या पायांतल्या चपला, आणि आता हे. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त नर्स राहतात, त्यांना विचारलं. नाव घेतलं नाही, एका ओळखीच्या गृहस्थांचं म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, मेंदूत एवढीशी गुठळी अडकली तरी माणसाचं डावं-उजवं जातं, मोजदाद चुकते, आणि बाकी माणूस चालतो-बोलतो, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. आणि म्हणाल्या, एक अडकली की दुसरीची वाट बघत बसू नये, त्या गृहस्थांना आजच्या आज डॉक्टरकडे न्या.

ऊठ, शिंपीणबाईंच्या दारात जा आणि त्यांना म्हण, मला डावा हात वर करायला सांगा. वर झाला तर मी तुझी हात जोडून माफी मागेन आणि आयुष्यभर तुझ्या काळजीला हात लावणार नाही. नाही झाला तर त्यांना बरोबर घेऊन तसाच दवाखान्यात जा.

मुलाला मी अजून काही सांगितलेलं नाही. शब्द देते, तुझं उत्तर येईपर्यंत सांगणारही नाही. पण उत्तर लवकर दे. टपाल यायची वेळ झाली की मी जिन्यात जाऊन उभी राहते. हे म्हणतात, पोस्टमन आता घाबरून दुसऱ्या वाटेने जाईल.

बारकी

२६ मार्च

बारके,

हात वर केला. शिंपीणबाईंनी तो हळूच खाली केला आणि दुसरा धरून उचलला, तेव्हाच कळलं.

खरं सांगतो. घसरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पिसं घेऊन बसलो. पीस हातात धरलं, टोक वर, वरची बाजू आपल्याकडे. रुंद पात दिसतेय. ती या बाजूला आहे, एवढं कळतंय. पण या बाजूला म्हणायचं काय, ते येईना. शब्द दोन्ही माहीत आहेत. कुठला कुणाचा, ते माहीत नाही. ओळखीच्या दोन भावांतला थोरला कोण ते विसरावं, तसं. मला वाटलं झोप झाली नसेल. मग आठवडा गेला.

मनगटाला लाल धागा बांधून पाहिला, म्हणजे डाव्याची खूण राहील. सकाळी उठलो तर धागा कुठला हात दाखवायला बांधला होता हेच आठवेना. अंगणात वेड्यासारखा उभा राहिलो, आणि रडलो. तुझ्यापासून काय लपवायचं.

तरी जुड्या बांधत राहिलो, कारण पिसं आली नाहीत तर तू विचारशील. निम्मी तरी बरोबर येतील असा हिशोब केला. त्या मुलीचं वाचलं आणि जेवण गेलं नाही. तरीही दुसरं पार्सल पाठवलं. तीन वेळा बघितलं लिहिलं ते खोटं नव्हतं. तीन वेळा बघितलं, तिन्ही वेळा वेगळं वाटलं. शिंपीणबाईंवर ढकललं त्याची मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली.

आता माझं ऐक. दवाखान्यात मी जाईन, इथल्याच. पण मुलाला सांगू नकोस. त्याचं चुकत नाही, तो चांगला आहे, म्हणूनच भीती. तो प्रेमाने घेऊन जाईल आणि प्रेमाने बसवून ठेवील. डावं-उजवं गेलंच आहे. धुणं, चिरणं, घासणं अजून येतं, बोटांना येतं. तेही काढून घेतलं तर मी नुसता खुर्चीतला म्हातारा. माझ्या एकाहत्तर वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. हे मागतोय. तू शब्द दिलायस, तो पाळ.

दादा

२ एप्रिल

दादा,

तुझं पत्र काल आलं. मी मुलाला २७ तारखेलाच फोन केला होता.

तुझं उत्तर येईपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. सात दिवस थांबले. आठव्या दिवशी पोस्टमन आला, रिकाम्या हाताने. मला जिन्यातच तू जमिनीवर पडलेला दिसायला लागलास, आणि जाळीपलीकडे टर्की ओरडतायत, आणि कुणी येत नाही. मी वर आले आणि फोन लावला. हे म्हणाले, अगं, अजून दोन दिवस थांब, शब्द दिलायस. मी ऐकलं नाही.

तुझं पत्र मी फोनच्या आधी वाचलं असतं तर काय केलं असतं, हे मी कालपासून स्वतःला विचारतेय. खरं सांगू? तरीही केला असता. तेव्हा टपालाला दोष देत नाही. मी शब्द मोडला, कळून मोडला.

मुलगा म्हणाला, लगेच निघतो. म्हणजे हे पत्र तुझ्या दारात पडेल तेव्हा तू घरात नसशील. तरी तिथेच पाठवतेय, कारण दुसरा पत्ता माझ्याजवळ नाही. मुलगा फोन उचलत नाही. काय झालं ते मला कुणीतरी कळवा.

बारकी

११ एप्रिल

ताई, नमस्कार.

तुमची माझी ओळख नाही, पण तुमच्या पत्रांमुळे मी तुम्हाला ओळखते. मी शेजारची शिंपीण. तुमचं पत्र दारात पडलं होतं. ते मी न फोडता त्यांच्या मुलाकडे पाठवून दिलं आहे. हे मात्र मी माझ्या मनाने लिहिते. मला जास्त लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगा २९ तारखेला सकाळी आला. दादा जाळीपाशी दाणे टाकत होते. गाडी पाहिली आणि त्यांनी भांडं खाली ठेवलं. मुलाने बरीच समजूत घातली. गाडीत बसताना तो म्हणाला, बाबा, डाव्या बाजूने चढा. ते नुसते उभे. त्यांना कळेना आणि त्या पोराला कळेना की ह्यांना काय कळेना. मग मी हाताला धरून बसवलं. मुलगा तेव्हा रडला. तोवर त्याला वाटत होतं की आत्या वाढवून सांगतेय.

मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डोक्यात एक जुनी गुठळी निघाली आणि मानेची एक नस जवळजवळ बंद. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता. नस मोकळी केली आहे. आता गोळ्यांवर आहेत, मुलाच्या घरी आहेत, धोका टळला. हे तुम्हाला पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, राहून गेलं.

मुलगा टर्की लगेच विकायला निघाला होता. मी म्हटलं, मे संपेपर्यंत मी दाणापाणी बघते, मग काय ते करा. पिसं गळतात ती वेचून ठेवते. त्यांनी माझ्यावर आळ घेतला होता, त्याचं मनात ठेवू नका. माझ्या दुकानात रोज कुणाच्या तरी बटणाचा आळ माझ्यावर असतो.

तुमच्याबद्दल विचाराल, तर जाताना एवढंच म्हणाले, बारकीला काही कळवू नका. फार रागावले आहेत. मी तरी कळवते आहे. मुलाचा पत्ता मागे लिहिला आहे.

आपली,
शिंपीणबाई

२८ एप्रिल

दादा,

या पत्त्यावर हे तिसरं पत्र. पहिल्या दोनांना उत्तर आलं नाही. मुलगा फोनवर सांगतो, बाबांनी वाचली, घडी करून ठेवली. फाडली नाहीत हेच माझ्यासाठी खूप आहे.

स्पर्धा झाली. सगळी पिसं मी हाताने पुन्हा निवडली, आणि तुझ्या त्या चुकलेल्या जुड्यांतलीच वापरली, कारण पिसांत काही खोट नव्हती. साठच्या साठ बाण सरळ गेले. प्रशिक्षकबाईंनी एक बाण उन्हात धरून विचारलं, इतकी पातळ घासणी कोण करतं? मी म्हटलं, माझा भाऊ. करतो म्हणाले, करायचा नाही म्हणाले.

मी जे केलं त्याची माफी मागणार नाही. तू जिवंत आहेस. पण एक मान्य करते. तेव्हा मी तुझा विचार केला नव्हता. तू गेलास तर मला बारकी म्हणणारं कुणी उरणार नाही, ही भीती होती. माझ्या भीतीपायी तुझं घर गेलं.

म्हणून आता ऐक. मुलाशी मी दोनदा बोलले. डॉक्टरांची हरकत नाही, घरात कायम कुणीतरी हवं, गोळ्या वेळेवर हव्यात, एवढंच. त्याला तिथे राहणं शक्य नाही. आम्हाला आहे. माझा कारखाना म्हणजे एक बाक, चार साचे आणि एक सरसाचं भांडं, टेम्पोत मावेल. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, टर्की चावतात का? नाही म्हटल्यावर बॅग काढायला उठले. इथली वरची खोली मी सोडते. तिच्यात माझी तीस वर्षं गेली आहेत, वाईट वाटतंय, पण खोलीला माझी गरज नाही.

मुलगा कबूल आहे, पण त्याची एक अट आहे. बाबांनी स्वतः हो म्हटलं पाहिजे. आणि मे संपला की तो टर्की विकणार. शिंपीणबाईंनी तेवढाच वेळ मागून घेतलाय. माझ्यावरच्या रागापायी तू नाही म्हणशील, मला याचीच धास्ती आहे. नाही म्हणायचं तर म्हण, पण उत्तर पाठव. मी पुन्हा जिन्यात उभी राहायला लागलेय.

बारकी

१४ मे

बारके,

हे लिहायला चार दिवस लागले. अक्षरं येतात, पण रांगेत उभी राहत नाहीत. सून नीट करून देते म्हणाली, मी नको म्हटलं.

इथे सगळे चांगले आहेत. खोलीत वारा येतो. सूनबाईला वाटतं मला काम हवं, म्हणून वाटाणे सोलायला देते. वाटाण्याला पंख नसतात, त्यामुळे माझी चूक होत नाही. रोज सोलतो. या घरात कुणालाही एवढे वाटाणे लागत नाहीत.

डॉक्टर दर आठवड्याला विचारतात, डावा हात कुठला. परवा बरोबर आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी अंदाजाने उचलला होता.

तू शब्द मोडलास. मोडला नसतास तर मी मेलो असतो, हे डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीमुळे दुसरी माझ्या पोटातून जात नाही. मी मागितलेली ती एकच गोष्ट होती. तुझ्यावर राग आहे. तो पत्रातून नीट काढता येत नाही, त्याला माणूस समोर लागतं.

मुलाला काल हो म्हणून सांगितलं. शनिवारी तो मला घरी सोडतोय. तुम्ही रविवारी पोचा. पिसं मी धुवीन, चिरीन, घाशीन. निवडायचं तू. माझ्यासमोर गप्प बसून निवडू नकोस, माझी कीव आल्यासारखं वाटेल. मोठ्याने सांग, मला ऐकू कमी येतं. तू म्हणशील ते डावं, तू म्हणशील ते उजवं, मी वाद घालणार नाही.

तू आलीस की पहिला दिवस मी तुझ्याशी बोलणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. मेहुण्यांशी बोलेन. तू वाईट वाटून घेऊ नकोस आणि रडत बसू नकोस. सोमवारी सकाळी पिसं भिजत घालू.

दादा